हिवाळ्याचं ऊन, जुनं तावदान आणि समोरची भिंत : कवडशाचा फोटो कसा काढायचा

हिवाळ्याच्या सकाळी जुन्या खिडकीतून ऊन आत उतरलं की समोरच्या भिंतीवर कधी कधी पाणी हलल्यासारखं काहीतरी उमटतं. चौकटीची सावली असतेच. पण त्या सावलीच्या मधल्या उजेडात रेघा असतात, कुठे प्रकाशाचा दोरा ताणून बसवल्यासारखा, कुठे मळकट ढग. आपण घाईघाईने फोटो काढतो. नंतर पाहावं तर एक पांढराफटक चौकोन आणि भोवती करडा काळोख. रेघा गेल्या त्या गेल्याच.

यात दोष कॅमेऱ्याचा थोडा, समजुतीचा जास्त. आपण खिडकीचा फोटो काढायला जातो, चित्र मात्र भिंतीवर असतं. जुनं तावदान म्हणजे एक ओबडधोबड भिंग आणि भिंत म्हणजे त्याचा पडदा. पडदा भिंगापासून किती लांब असावा आणि ऊन भिंगावर किती तिरकं पडावं, एवढं जमलं की बाकीचं काम बरंचसं हाताच्या सवयीचं आहे. म्हणून या लेखात कॅमेरा हातात घ्यायला थोडा उशीर होईल.

आधी काच ओळखा

घर जुनं आहे म्हणजे काच जुनी असेलच असं नाही. तावदानं फुटतात, बदलली जातात, आणि एकाच खिडकीत तीन पिढ्यांच्या काचा नांदत असतात. ओळखायची सोपी रीत अशी : बाहेर उभं राहून काचेकडे तिरकं बघा आणि तिच्यात एखाद्या सरळ वस्तूचं, म्हणजे खांबाचं किंवा छपराच्या कडेचं, प्रतिबिंब शोधा. आता डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवा. नव्या काचेतलं प्रतिबिंब जसंच्या तसं सरकतं. जुन्या काचेतलं मोडतं, लवतं, पुन्हा जुळतं.

पुढे थोडं बारकाईनं बघितलं तर काच कशी बनवली हेही कळतं, आणि ते कळणं फोटोसाठी उपयोगाचं आहे, कारण रेघांची दिशा तिथेच ठरते. फुगवलेल्या काचेचा गोळा गरगर फिरवून त्याची चकती करत, मग त्या चकतीतून तावदानं कापत. अशा काचेत लाटा आणि बुडबुडे कमानीसारखे वळलेले दिसतात. दुसऱ्या पद्धतीत फुगवलेल्या काचेचं लांब नळकांडं करून ते उभं चिरायचं आणि भट्टीत उलगडून सपाट करायचं. लंडनच्या १८५१च्या क्रिस्टल पॅलेसची तावदानं या जातीची होती. यातले बुडबुडे लांबट असतात आणि बहुतेक एकाच दिशेने ताणलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या एमिल फूर्को यांच्या पद्धतीने वितळलेल्या काचेतून सलग पट्टा यंत्राने वर ओढायला सुरुवात झाली. या ओढीव काचेत लाटा सरळ आणि समांतर असतात, जणू कुणी फणी फिरवली आहे. मग पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली आणि लाटांचा जमाना हळूहळू संपला. आज आपण ज्याला साधी काच म्हणतो ती ही तरंगती काच. तिच्यातून येणारा कवडसा स्वच्छ असतो, आणि आपल्या कामाचा नसतो.

जाता जाता एक गैरसमज. काच शतकानुशतकं हळूहळू खाली ओघळते आणि म्हणून जुनी तावदानं खालून जाड असतात, असं अनेकजण ठामपणे सांगतात. तसं नाही. जाडी मुळातच असमान असायची, आणि बसवणारा जाड बाजू बरेचदा खाली ठेवायचा. तुमच्या तावदानातली लाट ते बनलं त्या दिवशीची आहे.

कॅमेऱ्याला पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावून, निळं आभाळ मागे ठेवून बघितल्यावर काचेत गडद ठिपके किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसले, तर ती टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली, नवी काच. तिथे वेळ घालवू नका.

काचेचा रंगही बघून ठेवा. जुन्या काचेत लोहाचा अंश असल्याने ती कडेला हिरवट दिसते. तो हिरवा झाकायला पूर्वी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हातल्या अतिनील किरणांत राहिली की जांभळट होते. भिंतीवर फिकट जांभळी झाक दिसली तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) बिघडलाय असं समजून ती पुसून टाकू नका.

ऊन कुठवर येईल

हिवाळ्यातच हे का जमतं? सूर्य बुटका असतो म्हणून. मध्यान्हीची सूर्याची उंची काढायचं गणित तोंडी करता येतं : ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा, आणि सर्वांत लहान दिवशी आणखी २३.४ वजा करा. २० अक्षांशावर उत्तर येतं ४६.६ अंश, ४० वर २६.६, ५० वर १६.६. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटरवर धरली तर मध्यान्हीचं ऊन आत किती सरकेल? २० अक्षांशावर जेमतेम १.९ मीटर, ४० वर ४ मीटर, ५० वर ६.७ मीटर. उन्हाळ्यात त्याच ५० अक्षांशावर ते मीटरभरच येतं आणि खिडकीखाली जमिनीवर पडून राहतं.

जमिनीवर आणि भिंतीवर यांत फरक मोठा आहे. जमिनीवर कवडसा ताणला जातो, रेघा पसरट होतात. समोरच्या भिंतीवर बुटकं ऊन जवळजवळ सरळ आपटतं, म्हणून आकार टिकतो. कमी अक्षांशावर राहणाऱ्यांनी मध्यान्हीचा नाद सोडावा आणि सकाळी किंवा उतरत्या दुपारी, सूर्य १० ते २५ अंशांवर असताना, पूर्वेच्या-पश्चिमेच्या खिडक्या धराव्यात. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेकडून फिरतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून. म्हणजे दिवसभराचं काम करणारी खिडकी तिकडची. सूर्याची जागा तासागणिक दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, ती वापराच, पण समोरचं झाड किंवा इमारत अ‍ॅपला माहीत नसते. एक दिवस नुसतं बसून बघण्याला पर्याय नाही. भिंतीवर दर अर्ध्या तासाला कवडशाच्या कोपऱ्यावर कागदी टेपचा तुकडा लावत जा. संध्याकाळी तुमच्याकडे त्या खोलीचं घड्याळ तयार असेल.

पांढरा पुठ्ठा घेऊन चाला

आता मुख्य गोष्ट. सगळा लेख विसरलात तरी चालेल, हे करून बघा.

साधारण वहीच्या दुप्पट आकाराचा पांढरा, चमक नसलेला पुठ्ठा घ्या. ऊन येत असलेल्या तावदानाच्या अगदी जवळ, आतल्या बाजूने, हातभर अंतरावर धरा. काय दिसेल? जवळजवळ काहीच नाही. काचेवरची धूळ, एखादा चरा, बुडबुड्याचा काळा ठिपका आणि त्याभोवती बारीक उजळ कडं. लाटा दिसणार नाहीत. आता पुठ्ठा उन्हाच्या वाटेवरच ठेवून मागे मागे सरका. अर्ध्या मीटरच्या पुढे कुठेतरी फिकट पट्टे जाणवू लागतील. आणखी मागे गेल्यावर ते एकवटतात, उजळ होतात, मधली जागा काळवंडते. मग एका टप्प्यानंतर पुन्हा पसरतात आणि शेवटी सगळं एकसारखं धूसर होऊन जातं. ज्या अंतरावर पट्टे सर्वांत ठसठशीत होते, ती तुमच्या फोटोची जागा.

इथे दोन गोष्टींची ओढाताण चालू असते. काचेतला प्रत्येक फुगवटा प्रकाश किंचित आत वळवतो, आणि इतक्या कमकुवत भिंगाला प्रकाश एकवटायला अंतर लागतं. हिशेब करून बघा : काचेत ५ सेंटिमीटरची लाट आहे आणि जाडी सरासरीपेक्षा मिलिमीटरच्या फक्त विसाव्या भागाने वर-खाली होते. बोटाला हे कळणारही नाही. पण अशी लाट सूर्यप्रकाश सुमारे अडीच मीटरवर एकवटते. लाट मोठी आणि उथळ असेल तर ते अंतर वाढतं, लहान आणि खोल असेल तर घटतं.

दुसरी बाजू सूर्याची. सूर्य बिंदू नाही, आभाळात त्याची रुंदी अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. त्यामुळे काचेवरच्या कोणत्याही गोष्टीची कड पडद्यावर दर मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर पुसट होते. दोन मीटरवर २ सेंटिमीटर, पाच मीटरवर जवळपास ५. म्हणजे ५ सेंटिमीटरची लाट पाच मीटरवरच्या भिंतीवर पोहोचेपर्यंत सूर्याने ती जवळजवळ पुसून टाकलेली असते. लाटेला अंतर हवं असतं आणि सूर्याला ते नको असतं. या भांडणातून बहुतेक खिडक्यांसाठी एक ते चार मीटरचा पट्टा हाती लागतो. तुमची समोरची भिंत सहा मीटरवर असेल तर तिच्यावर हटून बसू नका. बाजूची भिंत, उघडं कपाटाचं दार, पांढरा पडदा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली चादर, माणसाचा चेहरा, जे काही त्या पट्ट्यात आणता येईल ते आणा.

बुडबुड्यांचं उलटं. ते इतके लहान की मीटरभरातच पुसले जातात. ते हवे असतील तर भिंत सोडा आणि खिडकीच्या खालच्या फळीवर, काचेपासून वीतभर अंतरावर बघा. आणि बाहेरच्या झाडाच्या फांद्या? दहा मीटरवरच्या फांदीची कड आत येईपर्यंत ९-१० सेंटिमीटर पुसट झालेली असते. म्हणून जाड फांद्यांच्या सावल्या मऊ दिसतात आणि काटक्या दिसतच नाहीत. फोकस चुकलाय असं वाटून लोक लेन्सला बोल लावतात; फोकस बरोबर असतो, सूर्यच रुंद असतो.

अंतर सापडल्यावर वेळ बघा. ऊन काचेला जसजसं तिरकं होतं तसतशी त्याच्या नजरेतून उभी लाट आखूड होत जाते आणि रेघा जास्त जोरकस व जवळ एकवटतात. म्हणून कधी कधी दुपारी मिळमिळीत वाटणारी खिडकी तासाभराने, ऊन निघून जायच्या बेतात असताना, एकदम बोलू लागते. फार तिरकं झाल्यावर मात्र काच बराचसा प्रकाश बाहेरच परतवते आणि चौकटीची जाडी उरलेला अडवते. ती मधली पंधरा-वीस मिनिटं धरायची.

खोलीची तयारी

दिवे बंद. नुसते फोटोत दिसणारे नाहीत, सगळे, शेजारच्या खोलीतलेही. दुसऱ्या खिडक्यांवर जाड पडदे किंवा काळं कापड. कवडशाभोवतीचा अंधार जितका गडद तितकी रेघ ठळक. आणि शेजारच्या खिडकीतून येणारा आभाळाचा निळसर उजेड सगळ्यात आधी त्या रेघांवर दुधासारखी साय धरतो.

काच पुसायची का? मी आतून पुसतो, बाहेरून शक्यतो नाही. बाहेरची धूळ पावसाने बसवलेली असते, तिचे ओघळ असतात, आणि ते छान उमटतात. आतून बोटांचे तेलकट ठसे असतात, ते फक्त उजेड मंद करतात. जुन्या काचेला मधोमध दाबू नका. ती पातळ असते आणि भोवतीचं लांबी-पुट्टीचं काम वाळून ठिसूळ झालेलं असतं. मऊ ओलसर कापड, हलका हात. चौकटीचा जुना रंग खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

भिंत पांढरी असलीच पाहिजे असं नाही. खरं तर चुन्याची, थोडी पोपडे धरलेली भिंत मला गुळगुळीत भिंतीपेक्षा आवडते, कारण फोकस धरायला तिथे काहीतरी असतं. पण नक्षीचा वॉलपेपर, फोटोंच्या चौकटी, लटकलेल्या वायरी काढा. काच आधीच इतकं काही लिहीत असते की पडद्यावर आणखी मजकूर नको.

ट्रायपॉड लावा, आणि लावल्यावर लगेच आठवा की कवडसा चालतो आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चार मीटरवरच्या भिंतीवर याचा अर्थ मिनिटाला दीड सेंटिमीटरच्या वर. फ्रेम नेमकी जुळवून तुम्ही पाणी प्यायला गेलात तर परत येईपर्यंत चित्र बाजूला गेलेलं असेल. म्हणून फ्रेम कवडसा आत्ता आहे तिथे नाही, दहा मिनिटांनी जिथे येईल तिथे लावायची आणि त्याला येऊ द्यायचं.

एक्स्पोजर

कवडसा आणि त्याच खोलीचा सावलीतला कोपरा यांत सात ते नऊ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक सहज असतो. दोन्ही सांभाळायला गेलं की दोन्ही फिके होतात. कवडसा सांभाळा. अंधाराला अंधार राहू द्या.

मॅन्युअल मोड. सुरुवात म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर १/२५० सेकंद. हे आकडे हवेतून आलेले नाहीत : भर उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओच्या उलट, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० च्या आसपास, हा जुना नियम, आणि बुटक्या उन्हात उजेड एक स्टॉप कमी धरलेला. स्वच्छ काच स्वतः फार खात नाही, दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के परत फेकतात. मळलेली काच मात्र अर्धा-एक स्टॉप सहज गिळते. सूर्य क्षितिजाजवळ गेला की आणखी दोन-तीन स्टॉप जास्त द्यावे लागतील.

मग नेमकं करायला स्पॉट मीटर (फ्रेममधल्या छोट्याशा ठिपक्याचाच उजेड मोजणारा मीटर) कवडशातल्या सर्वांत उजळ रेघेवर धरा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्या. मीटर कशालाही मधला करडा करायला बघतो. पांढऱ्या भिंतीवरची उजळ रेघ करडी नसते. एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ किती आहे हे दाखवणारा आलेख) बघा, आणि तोही लाल-हिरवा-निळा असा वेगळा दाखवणारा. बुटकं ऊन तांबूस असतं, त्यामुळे लाल वाहिनी सगळ्यात आधी आलेखाच्या उजव्या टोकाला धडकते. एकत्रित आलेख निर्धास्त दिसत असतो आणि रेघांमधला रंग केव्हाच सपाट पिवळा झालेला असतो. लाल धडकली तर शटरचा वेग पाऊण स्टॉपने वाढवा, म्हणजे उजेड कमी होईल. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्येच काढा, हे वेगळं सांगायला नको.

अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/११ मध्ये कुठेही. भिंत सपाट आहे, फोकसची खोली लागत नाही. शटर फार लांबवू नका. अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरमध्ये चार मीटरवरचा कवडसा ८ मिलिमीटर सरकतो आणि बारीक रेघ तेवढ्यानेच मरते.

फिल्मवर काढणाऱ्यांसाठी एवढंच : ट्रान्सपरन्सी, म्हणजे स्लाइड फिल्म, असेल तर वरचंच सगळं, आणखी कंजूषपणे. निगेटिव्ह असेल तर ती उजेडाच्या बाजूने बरीच सहनशील असते, एखादा स्टॉप जास्त दिलात तरी रेघा छापताना परत येतात.

रंगाला हात लावू नका

ऑटो व्हाइट बॅलन्स हा या कामातला सर्वांत मोठा चोर आहे. तांबूस ऊन बघितलं की तो त्याला पांढरं करतो, आणि त्याच झटक्यात सावल्या निळ्याजर्द होतात. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर, म्हणजे डेलाइटवर, कुलूप लावा. मग सूर्य उतरेल तसा कवडसा खरोखर जेवढा सोनेरी होतो तेवढाच फोटोत होईल. सावल्यांत थोडा निळा येईलच, कारण तिथला उजेड आभाळाचा आहे आणि निरभ्र आभाळाचा उजेड ७००० केल्व्हिनच्या पलीकडचा असतो. ऊन ऊबदार आणि सावली थंड हीच हिवाळ्याची ओळख. दोन्ही एकाच रंगाचे केलेत तर दिव्याचा फोटो वाटेल.

फोकस

मॅन्युअल, आणि भिंतीवरच्या खऱ्या वस्तूवर : पोपडा, खिळा, तडा. कवडशाच्या कडेवर ऑटोफोकस टाकलात तर तो पुढे-मागे धुंडत बसेल, कारण ती कड मुळातच पुसट आहे. लाइव्ह व्ह्यू मोठा करून तडा टोकदार करा आणि रिंगला पुन्हा हात लावू नका.

फोनवर

फोनने उत्तम जमतं, फक्त त्याचं शहाणपण बंद करावं लागतं. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा. तो अंधार उपसून वर आणतो आणि कवडशाचा कणाच मोडतो. कवडशावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा, स्क्रीनवर खोली जवळजवळ काळी दिसेपर्यंत. डोळ्यांना ते जास्तच काळं वाटेल. थोडं थांबा. रेघा दिसायला लागल्या की तिथे थांबा. डिजिटल झूम नको, दोन पावलं पुढे जा.

काचेकडे तोंड करून

हा वेगळा फोटो आहे आणि माझ्या मते सोपा. भिंतीऐवजी थेट तावदान, आणि त्यातून मोडकं-वाकडं दिसणारं बाहेरचं जग. इथे बाहेर सरळ रेषा असल्या पाहिजेत. खांब, कुंपण, खोड. लाट सरळ रेषेलाच वाकवून दाखवू शकते, झुडपाला नाही. काचेपासून दोन-तीन मीटर मागे जा आणि थोडी लांब लेन्स वापरा, म्हणजे वेडेवाकडेपणा ठळक होतो. एफ/११ ला काच आणि बाहेरचं दोन्ही वाचता येतं. एफ/२ ला काचेवर फोकस केला तर बाहेरचं विरघळून नुसते रंग उरतात.

सूर्य फ्रेममध्ये असेल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून बघू नका, टेलीफोटोने तर अजिबातच नाही. स्क्रीन वापरा. सूर्याला चौकटीच्या पट्टीआड अर्धा लपवून एफ/१६ ला चांदणीसारखी किरणं मिळतात. एकदा करून बघा आणि मग सोडून द्या, ती सगळ्यांकडे असतात.

थंड काचेवर आतली ओल जमून दव धरतं तेव्हा मात्र सोडू नका. झेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी प्राग शहरात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढले : दव धरलेली, गोठलेली, ओघळलेली काच आणि पलीकडे बागेतलं वाकडं झाड. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता आणि ते मोठा, जड कॅमेरा वापरत. एका खिडकीत किती मावतं हे बघायचं तर ते फोटो शोधून बघा. तसं पाहिलं तर आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्हही खिडकीचीच आहे. इंग्लंडमध्ये लेकॉक अ‍ॅबी इथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ती ऑगस्ट १८३५ मध्ये काढली. टपाल तिकिटाच्या आसपासच्या आकाराच्या त्या कागदाजवळ त्यांनी लिहून ठेवलंय की ताजी असताना भिंगातून त्यातले सुमारे २०० काचेचे चौकोन मोजता येत होते.

तिरीप दिसायला हवी असेल तर

हवेतली तिरीप धुळीमुळे दिसते, आणि धूळ उजेड मुख्यतः पुढे फेकते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून ती दिसत नाही. जवळजवळ खिडकीच्या दिशेने, पण सूर्य फ्रेमबाहेर ठेवून बघा. मागे अंधार हवा. जाड पांघरूण एकदा झटकलं की पाच मिनिटांची धूळ होते. गरम पाण्याची वाफ पटकन जाते, पण तिला आकार असतो. धूपाचा धूर बहुतेक वेळा जास्तच होतो आणि खोली आगीनंतरची दिसते.

जुनी काच नसेलच तर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पातळ शीट खिडकी आणि भिंत यांच्या मध्ये उन्हात धरून किंचित वाकवता येते. रेघा पडतात, सुंदरही पडतात. पण त्या पोहण्याच्या तलावाच्या तळासारख्या दिसतात, घरासारख्या नाही.

नंतर संगणकावर

थोडंच. हायलाइट (उजळ भाग) खाली ओढताना रेघ आणि तिच्या शेजारची जागा यांतला फरक कमी होतो, म्हणून हायलाइटऐवजी एकूण एक्स्पोजर खाली घ्या आणि पांढऱ्याचं टोक हाताने बसवा. सावल्या उचलू नका. क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारी सोय) वाढवली की पुसट कडांभोवती राखाडी वलय येतं आणि कवडसा कापून चिकटवल्यासारखा दिसतो; उलट ती पाच-दहाने कमी करून बघा. कृष्णधवल करायचं तर आधी रंगीत ठीक करून मग करा, आणि निळा गडद ठेवा. सावल्या आपोआप बसतात.

वही ठेवा

प्रत्येक चांगल्या फोटोमागे तारीख, घड्याळाची वेळ, कोणतं तावदान आणि पुठ्ठ्याचं अंतर लिहून ठेवा. कारण हुकलेलं ऊन परत येतं, आणि कधी ते आधीच सांगता येतं. सूर्याची वाट सर्वांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. उत्तर गोलार्धात १ डिसेंबरला ढग आले आणि फोटो गेला, तर सूर्य ११ जानेवारीला जवळजवळ त्याच उंचीवरून, त्याच तावदानातून, त्याच भिंतीवर येईल. फक्त घड्याळात १८-१९ मिनिटं उशिरा, कारण त्या दिवसांत खरी मध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे सरकत असते. दक्षिण गोलार्धात हीच जोडी १ जून आणि ११ जुलै अशी लागते आणि उशीर सात-आठ मिनिटांचाच असतो. मी एकदा हा उशीर विसरलो, भिंतीवर काहीच नाही म्हणून ट्रायपॉड घडी केला, आणि जिना उतरताना मागे वळून पाहिलं तर टेपच्या तुकड्यांना लागून रेघा यायला सुरुवात झाली होती.